जाहिरातीचें पान व तिकिटाची पाठ

मोठ्या सुट्टीचे दिवस जवळ येऊं लागले म्हणजे वर्तमानपत्रांत एक चित्र हटकून दिसूं लागतें. निळ्याभोर पाण्यावर एक पांढरें शुभ्र, अनेक मजली जहाज उभें असतें. वरच्या मजल्यावर एक कुटुंब कठड्यास टेकून हंसत असतें. खालीं मोठ्या अक्षरांत रकमेचा आंकडा आणि त्या आंकड्याच्या शेजारीं एक इवलीशी चांदणी असते. ती चांदणी कशासाठीं काढलेली आहे हें बहुतेकांस घरीं परत आल्यावर कळतें. अशा समुद्रसफरीहून परतलेल्या मंडळींचीं गाऱ्हाणीं अलीकडे वारंवार कानांवर येतात. ठरलेलें बेट दाखविलें नाहीं. खोलीला खिडकीच नव्हती. जेवणासाठीं रांगेंत ताटकळावें लागलें. ‘सर्व खर्चासह’ म्हणून सांगितलेल्या रकमेवर आणखी बरीच भर घालावी लागली. हीं गाऱ्हाणीं खोटीं नसतात. परंतु ज्या माणसापुढें तीं संतापानें मांडलीं जातात तो माणूस बहुधा भलताच असतो, असें आमचें मत आहे व तेंच या लेखांत मांडावयाचें आहे.

हा विषय शाळेच्या वार्षिकांत कशाला, असें कोणी म्हणेल. कारण उघड आहे. आमच्या शाळेंतील कांहीं मुलांचे आईबाप दोन-दोन वर्षें पैसे सांठवून अशा सफरीस जातात. आणि कांहीं मुलांचे बाप, काके, मामे त्याच जहाजांवर ताटें वाढतात, अंथरुणें घालतात, यंत्रें राखतात. एकाच वर्गांत, एकाच बांकावर हीं दोन्ही घरचीं मुलें बसतात. एका घरांत ज्या सफरीबद्दल महिनाभर कुरकुर चालते, ती कुरकुर दुसऱ्या घरच्या कर्त्या पुरुषानें मान खालीं घालून आधींच ऐकलेली असते.

केवळ मौजेसाठीं समुद्रावर जाण्याचा प्रकार फारसा जुना नाहीं. पण त्यांतील निराशा मात्र त्याच्याबरोबरच जन्मास आली. १८६७ सालीं अमेरिकेंत, न्यू यॉर्कशेजारच्या ब्रुकलिन गांवीं एक पत्रक निघालें. ‘क्वेकर सिटी’ नांवाची चाकांची आगबोट उतारूंस युरोप, मिसर व पवित्र भूमि यांचें दर्शन घडवून सुखरूप परत आणील. बोटीवर ग्रंथालय असेल, वाद्यें असतील, अनुभवी वैद्य असेल. भाडें माणशीं १,२५० डॉलर. असा त्यांतील मजकूर होता. ही कल्पना ब्रुकलिनच्या प्लिमथ चर्चच्या मंडळींत निघाली होती. त्या चर्चचे विख्यात उपदेशक रेव्हरंड हेन्री वॉर्ड बीचर स्वतः येणार, यादवी युद्धांत नांव गाजविलेले जनरल शर्मन येणार, असा गाजावाजा झाला. उतारूंची पारख करण्यास एक समितीच नेमली होती; म्हणजे गांठीं पैसा असूनहि ज्याची चालचलणूक बरी नाहीं त्यास जागा मिळावयाची नाहीं, असा सारा थाट! पुढें झालें तें असें. बीचरसाहेब आले नाहींत. जनरल शर्मन यांस पश्चिमेकडील मोहिमेवर राहावें लागलें, म्हणून तेहि आले नाहींत. बीचर येत नाहींत असें पाहतांच त्यांच्या मंडळींतील अनेकांनीं आपलीं नांवें काढून घेतलीं. शेवटीं साठ-सत्तर उतारू घेऊन ८ जून रोजीं बोट धक्क्यावरून हालली, आणि थोडें अंतर जाऊन बंदराच्या तोंडाशींच नांगर टाकून उभी राहिली. कारण बाहेर वादळ होतें. निरोप घेऊन झाले, रुमाल हालवून झाले, आणि मग शहर डोळ्यांसमोर ठेवून दोन दिवस जागच्या जागीं डोलत बसण्याची पाळी आली.

या उतारूंत एकतीस वर्षांचा एक पत्रकार होता. त्याचें भाडें सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘आल्टा कॅलिफोर्निया’ या पत्रानें भरलें होतें, व त्याच्या मोबदल्यांत त्यानें ठिकठिकाणांहून पत्रें लिहून धाडावयाचीं होतीं. त्याचें खरें नांव सॅम्युएल क्लेमेन्स. जग त्याला मार्क ट्वेन म्हणून ओळखतें. त्या पत्रांवरून १८६९ सालीं ‘दि इनोसन्ट्स अब्रॉड’ हें त्याचें पुस्तक तयार झालें, आणि त्यांत या सफरीची त्यानें मनसोक्त टर उडविली आहे. त्याची अपेक्षा होती खेळीमेळीची. सोबती मिळाले ते बहुतांशीं पोक्त व गंभीर. सायंकाळीं प्रार्थनासभा आणि उरल्या वेळांत डॉमिनोचा खेळ, एवढीच करमणूक. (प्रार्थनासभेबद्दल तक्रार करण्याचें आम्हांस कारण नाहीं, आमच्या शाळेचा दिवस तिनेंच उजाडतो. पण ट्वेनला ती अंमळ जड गेली हें खरें.) अथेन्सजवळच्या पिरीयस बंदरांत साथीमुळें विलगीकरणाचा हुकूम आडवा आला: अकरा दिवस बोटींतच राहा, नाहीं तर पुढें चालते व्हा. ज्या नगरासाठीं मंडळी एवढ्या दुरून आलीं, तें समोर दिसत असतां तेथें पाय ठेवण्याची बंदी! ट्वेन व त्याचे तिघे सोबती रात्रीं चोरून होडींतून किनाऱ्यास लागले आणि अक्रॉपोलिसवरील भग्न मंदिरें चांदण्यांत पाहून उजाडण्याच्या सुमारास परतले. विद्यार्थ्यांनीं हा कित्ता गिरवूं नये. सांपडले असते तर तुरुंगांतच जाते.

परंतु या सफरींतील जो प्रसंग आमच्या मनांत घर करून राहिला आहे तो निराळाच. बायबलांत ज्यास यापो म्हटलें आहे त्या जाफा बंदरांत या बोटीवर सुमारें चाळीस नवीं माणसें चढलीं. तींहि अमेरिकनच होतीं. १८६६ सालीं मेन प्रांतांतील दीडशेंवर माणसें अॅडम्स नांवाच्या एका उपदेशकाच्या शब्दावर विसंबून, घरेंदारें मोडून पवित्र भूमींत वसाहत करण्यास गेलीं होतीं. तेथें रोगराईनें माणसें दगावलीं, शेती फसली, जवळचा पैसा संपला. वर्षभरांतच परत फिरण्याखेरीज गत्यंतर उरलें नाहीं, आणि परत फिरण्यास भाडें नाहीं. ‘क्वेकर सिटी’नें त्यांना मिसर देशांतील अलेक्झांड्रियापर्यंत आणलें. तेथें उतारूंपैकींच एका गृहस्थानें, मोझेस बीच नांवाच्या वृत्तपत्राच्या मालकानें, १,५०० डॉलर पदरचे देऊन त्यांच्या परतीची सोय केली. त्या दोन-चार दिवसांत एकाच बोटीवर दोन प्रकारचे निराश लोक एकत्र होते. एकांस बीचरसाहेबांचा सहवास लाभला नव्हता व अथेन्स पाहतां आलें नव्हतें. दुसऱ्यांचें गांव, शेत व कित्येकांचीं माणसेंहि गेलीं होतीं. दोघांनाहि घराबाहेर काढलें होतें तें कोणाच्या तरी गोड शब्दानेंच. निराशेलाहि पायऱ्या असतात, हें त्या चार दिवसांत कठड्याशीं उभ्या असलेल्या कोणाच्या तरी मनांत आलें असेलच.

पुढें १८९१ च्या जानेवारींत हॅम्बुर्गच्या आगबोट कंपनीचे चालक आल्बर्ट बालिन यांनीं ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ ही मोठी बोट २४१ उतारू घेऊन भूमध्य समुद्राच्या सफरीस धाडली. त्यांतील मर्म व्यापारी होतें. हिवाळ्यांत अटलांटिक महासागर खवळलेला असतो, प्रवासी मिळत नाहींत आणि किमती बोट बंदरांत रिकामी पडते. तिला ऊबदार समुद्रांत फिरवून चार पैसे कां मिळवूं नयेत? कल्पना यशस्वी झाली. तेव्हांपासून जहाज हेंच मुक्कामाचें ठिकाण होऊं लागलें, आणि आज त्याची परमावधि झालेली आहे. जानेवारी २०२४ मध्यें अमेरिकेंतील मायामी बंदरांतून ‘आयकन ऑफ द सीज’ हें जहाज पहिल्या सफरीस निघालें. त्यावर जास्तींत जास्त ७,६०० उतारू मावतात व २,३५० नोकर असतात. एखाद्या तालुक्याच्या गांवाएवढी ही वस्ती! तींत घसरगुंड्या आहेत, तलाव आहेत, नाटकगृह आहे. समुद्र मात्र शोधावा लागतो. असल्या जहाजांच्या पोटांतल्या खोल्यांस खिडकी नसते व त्याच सर्वांत स्वस्त असतात. आणि जाहिरातींत जो आंकडा छापलेला असतो तो बहुधा त्याच खोल्यांचा असतो. चित्र मात्र वरच्या मजल्याचें.

जाहिरातीची ही कला चित्रापुरतीच असती तर एक वेळ चाललें असतें. १९९५ च्या मार्चमध्यें ‘हार्पर्स’ मासिकानें डेव्हिड फॉस्टर वॉलेस या अमेरिकन लेखकास आठवड्याच्या सफरीवर पाठविलें, व त्याचा दीर्घ लेख १९९६ च्या जानेवारींत प्रसिद्ध झाला. सेवेंत कांहीं उणें नव्हतें. उलट अतिसेवेनेंच मन कसें खिन्न होतें, हें त्यानें वर्णिलें आहे. पण त्याला विशेष खटकली ती दुसरीच गोष्ट. कंपनीच्या माहितीपुस्तकांत फ्रँक कॉनरॉय या नांवाजलेल्या लेखकाचा एक ललित निबंध होता. त्यासाठीं कंपनीनें पैसे मोजले होते. परंतु ही जाहिरात आहे असें त्यावर कोठेंहि म्हटलेलें नव्हतें. वॉलेसनें विचारतां त्या लेखकानें स्वतःच त्याबद्दल लाज बोलून दाखविली. याच्या उलट, आपल्या कलकत्त्यास जन्मलेला इंग्रज कादंबरीकार थॅकरे यानें १८४४ सालीं पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींतून भूमध्य समुद्राचा फुकट प्रवास केला, पण आपल्याला जागा फुकट मिळाली हें त्यानें पुस्तकाच्या प्रस्तावनेंतच सांगून टाकलें. हल्लीं हातांतल्या दूरध्वनीवर रोज जीं रमणीय सफरींचीं चित्रें झळकतात, तीं काढणारांपैकीं थॅकरेचे वारस किती व कॉनरॉयचे किती, याचा शोध मुलांनीं अवश्य घ्यावा.

जाहिरातीचें पान असें दहा वेळां पाहिलें जातें. तिकिटाची पाठ मात्र कोणी वाचीत नाहीं. आतां तिकिटाला पाठहि उरलेली नाहीं. पडद्यावर एक लहानसा चौकोन येतो, ‘अटी मान्य’ म्हणून त्यावर बोट टेकावयाचें, कीं झालें. त्या अटींत सामान्यतः असें लिहिलेलें असतें कीं, कप्तानास मार्ग बदलण्याचा व कोणतेंहि बंदर वगळण्याचा अधिकार आहे, आणि बंदर वगळल्यास त्या बंदराचा कर तेवढा परत मिळेल. म्हणजे चित्रांत जें वचन दिलें, तें अटींत परत घेतलें. चित्र कोठल्याहि न्यायालयांत साक्षीस येत नाहीं, अटी येतात.

याचें एक ठळक उदाहरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांतील १९९१ सालच्या खटल्याचें आहे. त्या देशाच्या वायव्य टोंकास, वॉशिंग्टन राज्यांत, राहणारें एक दांपत्य लॉस एंजेलिसहून मेक्सिकोच्या सफरीस गेलें. जहाजाचा मुदपाकखाना पाहत असतां बाई पाय घसरून पडल्या व त्यांस दुखापत झाली. त्यांनीं घराजवळच्या न्यायालयांत दावा लावला. कंपनीनें तिकीट पुढें केलें: दावा लावावयाचा तर तो फ्लोरिडांतच, म्हणजे देशाच्या अगदीं दुसऱ्या टोंकास, असें बारीक अक्षरांत छापलेलें होतें. हें तिकीट त्यांच्या हातीं पडलें होतें तें पैसे भरून झाल्यावर! तरीहि सात विरुद्ध दोन मतांनीं निकाल कंपनीच्या बाजूनें लागला. भिन्न मत देणारे न्यायमूर्ति स्टीव्हन्स यांनीं आपल्या निकालपत्रास त्या तिकिटाची हुबेहूब प्रतच जोडली, अशासाठीं कीं, तीं अक्षरें किती बारीक आहेत हें वाचणाऱ्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें. कायद्याच्या ग्रंथांत असा निरुत्तर करणारा पुरावा क्वचितच सांपडतो.

दुसरें उदाहरण ‘कार्निव्हल ट्रायंफ’ या जहाजाचें. १० फेब्रुवारी २०१३ रोजीं मेक्सिकोच्या आखातांत या जहाजाच्या यंत्रघरास आग लागली. आग विझली, जीवितहानि झाली नाहीं. पण वीज गेली आणि जहाज लांकडाच्या ओंडक्यासारखें तरंगत राहिलें. त्यावर ४,२०० हून अधिक माणसें होतीं. शौचकूपें तुंबलीं, सांडपाणी वाटांतून वाहूं लागलें, अन्नासाठीं रांगा लागल्या, लोकांनीं उघड्या मजल्यांवर गाद्या ओढून तंबू उभारले. चार दिवसांनीं, १४ तारखेच्या रात्रीं, तें जहाज ओढून अलाबामा राज्यांतील मोबिल बंदरास आणलें. कंपनीनें भाड्याचे पैसे परत केले, वर प्रत्येकीं ५०० डॉलर दिले. पुढें उतारूंनीं दावे लावले तेव्हां मात्र कंपनीचे वकील म्हणाले कीं, तिकिटाच्या करारांत सुरक्षित प्रवासाची किंवा पुरेशा व चांगल्या अन्नाची हमी दिलेलीच नाहीं! येथें जी गोष्ट आवर्जून सांगावयाची ती ही कीं, मोबिलला उतरलेल्या उतारूंपैकीं अनेकांनीं कंपनीवर आग पाखडली, पण जहाजावरील नोकरांची तोंड भरून स्तुति केली. घाणींत हात घालून वाटा साफ करणारे, अंधारांत पाणी पोंचविणारे तेच होते. संकट एवढें मोठें असलें म्हणजे माणसास खरा गुन्हेगार कोण तें बरोबर दिसतें. लहान निराशेंत तें दिसत नाहीं.

आमच्या परिचयाचें एक कुटुंब मुंबईहून लक्षद्वीपकडे जाणाऱ्या अशाच एका जहाजानें गेलें होतें. नवराबायको, दोन मुलें व आजी. लक्षद्वीपचीं बेटें प्रवाळाचीं. त्यांच्याभोंवतीं उथळ पाणी आणि त्यापलीकडे खडकांची कड. मोठें जहाज आंत जाऊं शकत नाहीं; तें बाहेर खोल पाण्यांत थांबतें आणि माणसांना लहान होड्यांतून किनाऱ्यास न्यावें लागतें. वारा वाढला कीं जहाजावरून होडींत पाय टाकणें जिवावरचें होतें. त्या दिवशीं वारा वाढला. उतरणें रद्द झाल्याचें चार वाक्यांत सांगण्यांत आलें व जहाज मागें फिरलें. मुलांना बेट दिसलें तें नारळींची एक हिरवी रेघ म्हणून. दुपारीं जेवणघरांत त्या गृहस्थांचा राग अनावर झाला. समोर वाढावयास उभा होता वेंगुर्ल्याकडचा एक पोरगेला मुलगा. त्यास नाहीं नाहीं तें बोलून झालें. त्यानें सर्व ऐकून घेतलें आणि हळूच विचारलें, “काका, आजीबाईंना बोट लागलेली दिसते. पेज करून आणूं का?” हें आम्हांस सांगितलें तें त्या आजींनींच. सफर संपतांना अभिप्रायाचा कागद येतो, त्यावर गृहस्थांनीं सेवेस दहापैकीं दोन गुण दिले. बेट दाखविण्याचें वचन ज्यानें छापलें, त्याला गुण देण्याची सोय त्या कागदावर नव्हती.

कोणी म्हणेल, मग कप्तानास दोष द्यावयाचा कीं काय? मुळींच नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळांत उलटली व सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. तो दिवस दीपपूजेचा, अवसेचा होता, आणि सणाला घरीं निघालेल्या लोकांचीं प्रेतें दोन्ही तीरांस लागलीं. ज्या किनाऱ्यानें हें पाहिलें, त्या किनाऱ्याच्या माणसांनीं तरी वारा पाहून माघार घेणाऱ्या कप्तानावर रागावूं नये. कप्तानानें बंदर वगळलें तें योग्यच केलें. अयोग्य तें हें कीं, जेथें उतरणें वाऱ्यावर अवलंबून आहे तें ठिकाण निश्चित म्हणून विकलें, आणि न उतरल्यास पैसे आपल्याकडेच राहतील अशी तजवीज आधींच करून ठेविली. जोखीम सगळी उतारूची, आणि बोलणी सगळीं वाढप्यास!

त्या वाढप्याचा दिवस कसा जातो, हेंहि समजून घ्यावें. गोव्यांत ज्यांस तारवटी म्हणतात त्या लोकांची परंपरा मोठी आहे. आतां रत्नागिरी-सिंधुदुर्गाचीं, वसईचीं मुलेंहि त्यांत आहेत. करार बहुधा सहा ते दहा महिन्यांचा असतो, व त्या अवधींत रविवार, नाताळ, गणपति असें कांहीं नसतें. २००६ सालीं ठरलेला आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार २०१३ पासून अमलांत आहे. भारतानें तो २०१५ मध्यें मान्य केला. विश्रांतीच्या हिशेबानें चालणाऱ्या जहाजावर माणसाला २४ तासांत निदान १० तास व आठवड्यांत निदान ७७ तास विसांवा मिळाला पाहिजे, असें त्यांत म्हटलें आहे. हें संरक्षणच आहे. पण आठवड्याच्या १६८ तासांतून ७७ वजा करून पाहावे, म्हणजे कामाला किती तास उरतात हें सातवीच्या मुलासहि सांगतां येईल.

फेब्रुवारी २०२० मध्यें ‘डायमंड प्रिन्सेस’ हें जहाज जपानच्या योकोहामा बंदरांत करोनाच्या साथीमुळें अडकून पडलें. त्यावर सुमारें ३,७०० माणसें होतीं व त्यांतील ७१२ जणांस रोगाची बाधा झाली. १३८ भारतीय होते. त्यांपैकीं १३२ नोकर व अवघे ६ उतारू. उतारूंस आपापल्या खोल्यांत बसून राहण्याची आज्ञा झाली. ही त्यांना शिक्षाच वाटली असेल आणि त्यांत नवल नाहीं. परंतु प्रत्येक दारापर्यंत जेवणाचें ताट पोंचविणारा जो होता, त्याला अलग राहण्याची चैन नव्हती. तो रात्रीं सोबत्यांबरोबर त्याच लहानशा खोलींत निजे, त्यांच्याच पंगतीस जेवी, आणि सकाळीं पुन्हा ताटें उचली. जगभर वर्तमानपत्रांत खिडकीशीं उभ्या राहिलेल्या उतारूंचीं चित्रें आलीं. ताटें नेणाऱ्यांचीं फारच थोडीं.

तेव्हां फसगत झालेल्या उतारूनें तोंड दाबून बसावें काय? आमचें म्हणणें अगदीं उलट आहे. त्यानें भांडावें, पण ज्याच्याशीं भांडावयाचें त्याच्याशीं, आणि कागद हातांत घेऊन. ‘ट्रायंफ’च्या बोभाट्यानंतर २०१३ च्या मे महिन्यांत आगबोट कंपन्यांच्या संघानें उतारूंच्या हक्कांची एक सनद जाहीर केली, आणि यंत्र बिघडून सफर रद्द झाल्यास पूर्ण पैसे व अर्ध्यावर संपल्यास कांहीं पैसे परत देण्याचें मान्य केलें. ही सनद कोणीं दयेनें दिली नाहीं. बोंब झाली म्हणून दिली. आपल्या देशांत तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यांत दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा विचार आहे, एकतर्फी जाचक कराराचाहि आहे. आणि तक्रारदार ज्या जिल्ह्यांत राहतो तेथील आयोगाकडेहि तक्रार करतां येते. वॉशिंग्टन राज्यांतल्या त्या दांपत्यास जें मिळालें नाहीं, तें येथें सावंतवाडीच्या वा वसईच्या माणसास मिळूं शकतें. पण त्यासाठीं जाहिरातीचें कात्रण जपून ठेवावें लागतें, अटींचीं पानें उतरवून ठेवावीं लागतात, आणि पैसे भरण्यापूर्वीं एक प्रश्न लेखी विचारावा लागतो: बेटावर उतरतां आलें नाहीं तर काय परत द्याल? याचें लेखी उत्तर जी कंपनी देत नाहीं, तिचें चित्र कितीहि सुंदर असलें तरी तें भिंतीवर लावण्याच्याच उपयोगाचें.

ज्या घरचीं मुलें जहाजावर नोकरीस जाऊं पाहतात, त्या पालकांशींहि दोन शब्द बोलावयाचे आहेत. दहावी-बारावीचा निकाल लागला कीं दलाल फिरूं लागतात, व त्यांच्याहि हातांत रंगीत पत्रकें असतात. वर सांगितलेल्या सागरी कामगार कराराप्रमाणें नोकरी लावून दिल्याबद्दल उमेदवाराकडून मोबदला घेण्यास मनाई आहे. भारतांत अशी भरती करणाऱ्या मध्यस्थास नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. दलालाचा परवाना खरा आहे कीं नाहीं याची खातरजमा झाल्यावांचून त्याच्या हातावर एक रुपयाहि ठेवूं नये. बागायत गहाण टाकण्याची गोष्ट तर दूरच. याच करारांत दुसरें एक कलम आहे, तें आम्हांस फार आवडतें. नोकरीचा करार लेखी असला पाहिजे, सही करण्यापूर्वीं तो नीट वाचण्यास व कोणाचा सल्ला घेण्यास उमेदवारास अवसर मिळाला पाहिजे, आणि सही झालेली मूळ प्रत त्याच्याजवळ राहिली पाहिजे. उतारूला जें मिळत नाहीं तें खलाशाला कायद्यानें दिलें आहे. पण दलाल घाई करतो, उद्यांच विमान आहे म्हणतो, आणि मूल सही करून मोकळें होतें. तो कागद आधीं घरीं मागवावा. इंग्रजी अडलें तर शाळेंत घेऊन यावा. शनिवारीं दुपारीं कचेरींत कोणी ना कोणी शिक्षक असतातच, आणि असे कागद आम्हीं यापूर्वींहि वाचून दिलेले आहेत.